कातडीत की स्नायूत? कुत्रा चावल्यावर लस आणि सीरम निवडताना

कुत्रा चावला की घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, सरकारी दवाखान्यात चला, तिथे रेबीजची लस फुकट मिळते. दुसरा म्हणतो, तिथे कातडीत थेंबभर देतात, खासगीत अख्खी कुपी टोचतात, जिवाशी खेळ नको. हा वाद तसा लवकर मिटण्यासारखा आहे. तो चालू असतानाच जखम नळाखाली धरा: साबण लावून, वाहत्या पाण्यात, घड्याळ बघून १५ मिनिटं. मग पोव्हिडोन आयोडीन. हळद, चुना, तिखट यांतलं काहीही नाही, आणि घट्ट पट्टीही नाही.

दोन्हीकडे लस त्याच प्रकारची असते, निष्क्रिय केलेल्या विषाणूची. फरक सुई कुठवर जाते याचा. स्नायूत घेतली तर दर खेपेला एक कुपी, ब्रँडप्रमाणे अर्धा किंवा एक मिली, दंडाच्या वरच्या भागात. दिवस ०, ३, ७, १४ आणि २८, अशा पाच खेपा. कातडीत घेतली तर दोन्ही दंडांवर ०.१ मिली, दिवस ०, ३, ७ आणि २८. खेपा चार, टोचण्या आठ, एकूण लस ०.८ मिली. एवढीशी कशी पुरते? कातडीत परक्या विषाणूची ओळख पटवणाऱ्या पेशी दाट असतात, त्यामुळे थोडक्यात काम भागतं. जागतिक आरोग्य संघटना दोन्ही पद्धतींना मान्यता देते आणि भारतात कातडीतल्या पद्धतीला २००६ पासून परवानगी आहे. एक मिलीच्या कुपीत चार-पाच जणांची एक खेप निघते, म्हणून जिथे रोज रांग असते तिथे ती परवडते. दर्जा हलका म्हणून नव्हे.

मात्र कातडीतली लस हाताच्या सफाईवर चालते. सुई जवळजवळ आडवी ठेवून बरोबर गेली की तिथल्या तिथे वाटाण्याएवढा फुगवटा उठतो आणि त्यावर संत्र्याच्या सालीसारखे खळगे दिसतात. फुगवटा उठलाच नाही तर लस खाली चरबीत गेली. ती मात्रा धरायची नाही, शेजारी पुन्हा द्यायची. तसं सिस्टरांना सांगायला संकोच करू नका. दुसरी चूक सिरिंजची. इन्सुलिनच्या ४० युनिटवाल्या सिरिंजमध्ये ०.१ मिली म्हणजे ४ खुणा, १०० युनिटवालीत १० खुणा. अदलाबदल झाली तर अडीचपट तरी जाते, नाहीतर निम्म्याहून कमी. शिवाय विरघळवलेली कुपी २ ते ८ अंशांत ठेवून ६ ते ८ तासांत संपवावी लागते. आठवड्याला एखादाच असा रुग्ण येणाऱ्या दवाखान्यात म्हणूनच स्नायूतली लस बरी.

केमोथेरपी, जास्त मात्रेतले स्टिरॉइड, एचआयव्हीमुळे खालावलेली प्रतिकारशक्ती किंवा चालू असलेलं क्लोरोक्विन, यांपैकी काही असेल तर स्नायूतलीच घ्या आणि डॉक्टरांना आधी सांगा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला दोन्ही चालतात. अगदी लहान मुलांना मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला देतात. कुल्ल्यावर मात्र कुणालाच नाही: तिथे चरबीत अडकून लस नीट लागू पडत नाही. आणि पोटातली चौदा इंजेक्शनं ही जुन्या, मेंढीच्या मेंदूपासून बनणाऱ्या लशीची आठवण आहे. ती लस आता बंद आहे.

बाकीच्यांनी जवळचं, रोज लस देणारं सरकारी केंद्र निवडावं. वाचलेले पैसे आणि डोकं सीरमसाठी, म्हणजे विषाणूला रोखणाऱ्या तयार प्रतिपिंडांच्या (अँटिबॉडीच्या) इंजेक्शनसाठी लावा, कारण माणसं दगावतात ती बहुधा तिथल्या हयगयीने.

दात लागून रक्त आलं असेल, उघड्या जखमेवर किंवा तोंडा-डोळ्यांत लाळ गेली असेल, तर ती चाव्याची तिसरी, सगळ्यात गंभीर श्रेणी. लशीने शरीरात प्रतिपिंडं तयार व्हायला आठवडा-दोन आठवडे जातात. तोवरची राखण सीरम करतं. रक्त न येता नुसतं खरचटलं तर दुसरी श्रेणी, तिथे लस पुरते. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना मात्र दुसऱ्या श्रेणीतही सीरम लागतं.

सीरम तीन तऱ्हांचं मिळतं. घोड्यापासूनचं किलोमागे ४० युनिट, माणसाच्या रक्तापासूनचं किलोमागे २०. साठ किलोच्या माणसाला पहिलं २४०० युनिट, मिलीला ३०० च्या कुपीतून ८ मिली. दुसरं १२०० युनिट, मिलीला १५० च्या कुपीतून तेही ८ मिलीच. घोड्याचं स्वस्त, त्याची ॲलर्जी क्वचित येते, पण ती आवरणारं अ‍ॅड्रिनलिन हे औषध हाताशी हवं आणि टोचल्यावर निदान अर्धा तास तिथेच बसा. माणसाचं फार महाग, आणि ऐन वेळी मिळेलच असं नाही. तिसरी मोनोक्लोनल, म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेली एकाच साच्याची प्रतिपिंडं: पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचं रॅबिशील्ड किलोमागे ३.३३ युनिट लागतं, साठ किलोला २००, म्हणजे मिलीला ४० च्या कुपीतून ५ मिली. तिन्हींत जे आज मिळतंय ते घ्या. महागड्या कुपीसाठी दोन दिवस थांबण्यापेक्षा घोड्याचं आत्ता घेतलेलं केव्हाही चांगलं.

ते टोचायचं जखमेत आणि जखमेभोवती, दंडात किंवा कुल्ल्यात नाही. दुखतं, पण विषाणू तिथेच असतो. जखमा जास्त आणि औषध कमी पडत असेल तर सलाइन घालून वाढवतात, मात्रा वाढवत नाहीत. बोटाच्या टोकाला दाब न येईल इतपतच भरतात. टाके शक्यतो टाळायचे. घालावेच लागले तर सीरम भरल्यानंतर, सैल. लस आणि सीरम एका सिरिंजमध्ये कधीच नाही. पहिल्या दिवशी सीरम मिळालं नाही तर पहिल्या लशीपासून सातव्या दिवसापर्यंत घेता येतं, त्यानंतर देत नाहीत.

तारखांचा घोळ हमखास होतो. दिवस ० म्हणजे पहिली सुई टोचली तो दिवस, कुत्रा चावला तो नव्हे. पहिली सुई सोमवारी असेल तर दुसरी गुरुवारी. ७, १४ आणि २८ हे सगळे सोमवारच येतात. खेप चुकली तर पुढची लगेच घ्यायची आणि तिथून पुढे मोजायचं, पहिल्यापासून नाही. गावाला जाणं आलं आणि तिथे दुसरीच पद्धत किंवा दुसराच ब्रँड असला, तर नाइलाजाने तोही चालतो. चावणारं कुत्रं किंवा मांजर १० दिवस धडधाकट राहिलं तर स्नायूतल्या पद्धतीत १४ व्या दिवसाची मात्रा गाळून थेट २८ व्या दिवशीची घेता येते. मात्र ते १० दिवस संपेपर्यंत लस थांबवायची नाही.

कार्ड जपून ठेवा. पुन्हा चावा झाला तर पूर्ण लस झालेल्याला दिवस ० आणि ३ अशा दोनच खेपा पुरतात, सीरम लागत नाही. कार्ड नसेल आणि खात्रीने सांगता येत नसेल, तर सगळं पहिल्यापासून द्यावं लागतं, सीरमसकट.