60-0 वर उतारा कोणता? मॉरिशससमोरच्या चार निवडणूक पद्धतींची तुलना

नोव्हेंबर 2024 च्या निवडणुकीत मजूर पक्षाचे नेते नवीन रामगुलाम यांच्या आघाडीने मॉरिशसच्या मुख्य बेटावरील सर्वच्या सर्व 60 जागा जिंकल्या, आणि असे घडण्याची ही पहिली वेळ नव्हती, कारण 1982 आणि 1995 मध्येही निकाल 60-0 असाच लागला होता. विजयी आघाडीला 60 टक्क्यांपेक्षा थोडी अधिक मते होती; तत्कालीन पंतप्रधान प्रविंद जगन्नाथ यांच्या पराभूत आघाडीला 27 टक्क्यांच्या आसपास मते मिळूनही तिचा एकही उमेदवार थेट निवडून आला नाही. बेटाच्या 20 मतदारसंघांतून प्रत्येकी तीन सदस्य निवडले जातात आणि मतदाराला तीनही मते द्यावीच लागतात. लाट असली की तीनही मते एकाच आघाडीच्या पदरात पडतात.

पहिला पर्याय म्हणजे आहे तेच चालू ठेवणे. ‘बेस्ट लूझर’ पद्धतीने पराभूत उमेदवारांपैकी जास्तीत जास्त आठ जणांना सभागृहात घेतले जाते आणि त्यासाठी हिंदू, मुस्लिम, चिनी व ‘सर्वसाधारण लोकसंख्या’ (या तिन्हींत न मोडणारे) असे चार समाज 1972 च्या जनगणनेनुसार मोजले जातात. (तेथील मराठी भाषक हिंदूंमध्येच धरले जातात.) ही सोय अल्पसंख्य समाजांना विश्वास वाटावा म्हणून आहे, विरोधी पक्षासाठी नव्हे; आठपैकी दुसऱ्या चार जागांचा हेतूच पहिल्या चारांमुळे बदललेले पक्षीय बळ पूर्ववत करण्याचा आहे. 1995 मध्ये तर पंतप्रधानपदावरून पायउतार झालेल्या अनिरुद्ध जगन्नाथ यांच्या पक्षाला या मार्गानेही एक जागा लाभली नाही. ही पद्धत समाजांसाठी ठेवावी की नाही हा प्रश्न वेगळा आहे, मात्र विरोधकांसाठीचा उपाय म्हणून तिच्याकडे पाहू नये.

दुसरा नमुना शेजारच्या सेशेल्सचा आहे. तेथे मतदारसंघांतील जागांशिवाय प्रत्येक पक्षाला एकूण मतांच्या दर 10 टक्क्यांमागे एक जागा मिळते. नियम सुटसुटीत असला तरी त्याचा लाभ विजेत्यालाही होतो. 2020 मध्ये सत्तांतर घडवणाऱ्या पक्षाला थेट 20 आणि प्रमाणशीर 5, तर पराभूत पक्षाला 42 टक्के मतांवर 6 अधिक 4 अशा जागा मिळाल्या. हाच नियम 2024 च्या मॉरिशसला लावल्यास 60-0 चे 66-2 होतात, म्हणजे ज्या आजारासाठी औषध शोधले तो जवळपास तसाच राहतो.

तिसरा मार्ग भरपाईच्या जागांचा. दक्षिण आफ्रिकेचे न्यायाधीश आल्बी सॅक्स यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने दोन दशकांपूर्वी सुचवले होते की 62 थेट जागा (मुख्य बेटाच्या 60 आणि रॉड्रिग्ज बेटाच्या 2) तशाच ठेवून 30 जागा वाढवाव्यात आणि ज्यांची मते वाया गेली अशा, किमान 10 टक्के मते मिळवणाऱ्या पक्षांनाच त्या द्याव्यात. 27 टक्क्यांच्या पक्षाला अशा रचनेत पंचविसाच्या पुढे जागा मिळू शकतात आणि विजेत्याचे बहुमतही अबाधित राहते. सभागृह मोठे होते आणि या जागांसाठीच्या पक्षयादीत कोणाला घ्यायचे हे पक्षप्रमुख ठरवतात, ही त्याची किंमत आहे.

चौथा पर्याय, एकल संक्रमणीय मत (मतदार उमेदवारांना पसंतीक्रम देतो, आणि विजेत्याची जादा व बाद उमेदवाराची मते पुढच्या पसंतीकडे जातात), आपल्याकडे राज्यसभेच्या निवडणुकीमुळे परिचित आहे आणि माल्टामध्ये तर लोकसभागृहच त्या पद्धतीने निवडले जाते. तीन जागांच्या मतदारसंघात निवडून येण्यासाठी एक चतुर्थांशाहून किंचित अधिक मतांचा कोटा लागतो, त्यामुळे 27 टक्क्यांचा पक्ष बऱ्याच ठिकाणी एक जागा काढू शकेल. सदस्यसंख्या न वाढवता हे साधते. पण मते विखुरलेली असतील तर कोटा थोडक्यात हुकतो, आणि एकाच पक्षाचे उमेदवार एकमेकांविरुद्ध झुंजू लागतात.

काहीच न बदलण्याचे उदाहरण कॅरिबियनमधील बार्बाडोसमध्ये दिसते. तेथे 2018 आणि 2022 मध्ये 30 पैकी 30 जागा एकाच पक्षाने जिंकल्या आणि दोन्ही वेळा विरोधी पक्षनेता मिळाला तो सत्ताधारी बाकांवरून उठून आलेला एक आमदार. अशी व्यवस्था एखाद्याच्या मर्जीवर चालते.

माझा कल तिसऱ्या मार्गाकडे आहे. खर्चाला जनतेचा विरोध असेल तर चौथा. राज्यघटनेतील निवडणुकीच्या तरतुदी बदलण्यासाठी सभागृहातील तीन चतुर्थांश मते हवीत, आणि 2024 च्या निकालाने तेवढे बळ मॉरिशसच्या सरकारला मिळाले होते. तेव्हा विधेयक आलेच तर वाचकाने आधी दोन तरतुदी तपासाव्यात: वाढीव जागा थेट जागांचा हिशेब धरून दिल्या जाणार की स्वतंत्रपणे, आणि किमान मतांची अट 10 टक्क्यांच्या वर गेली आहे का.