बेळगावच्या टिळकवाडीतलं सिलोगचं हॉटेल: जायचं तर अकराच्या आत

सिलोग ही फिलिपिन्सची न्याहारी, आणि तिचं नाव म्हणजे दोन शब्दांची गाठ. ‘सिनांगाग’ म्हणजे लसणीवर परतलेला भात आणि ‘इतलोग’ म्हणजे अंडं. सोबत तापा (मुरवलेल्या मांसाचे काप) असला तर तापसिलोग, तोसिनो (साखरेत मुरवलेला पोर्क) असला तर तोसिलोग, लोंगानिसा (सॉसेज) असला तर लोंगसिलोग. मेट्रो मनिलातल्या मारिकिना शहरात 1980 च्या दशकात हे नाव रुळलं. आता फिलिपिन्समध्ये ही न्याहारी कुठल्याही वेळी मिळते, मध्यरात्रीसुद्धा. टिळकवाडीतल्या या हॉटेलानं तेच धरलंय. सकाळी आठपासून रात्री दहापर्यंत एकच कार्ड चालतं. ताटली 180 पासून 260 रुपयांपर्यंत.

पहिल्यांदा भात बघा. सिनांगाग शिळ्याच भाताचा होतो. रात्री शिजवून, पसरून गार करून फ्रिजमध्ये ठेवलेला दाणा वरून कोरडा आणि आतून घट्ट होतो. तो तव्यावर सुटतो आणि तेल नुसतं अंगाला लावून घेतो. ताज्या भातात पाणी जास्त असतं, त्यामुळं परतताना वाफ सुटते, दाणे एकमेकांना चिकटतात आणि लसणीचा वास त्या चिकट्यातच अडकतो. हे हॉटेल सोना मसुरी वापरतंय, ते बरोबर आहे. बासमतीचा स्वतःचा वास लसणीला आडवा येतो आणि इंद्रायणीचा गोळा होतो.

सकाळी नऊला हा भात खरोखर उत्तम असतो. दाणा न् दाणा वेगळा, वर फिकट सोनेरी लसूण, कडूपणा अजिबात नाही. लसूण ठेचून गार तेलात टाकली आणि मंद आचेवर चढवली की असं होतं. तीन वाट्या भाताला दोन मोठे चमचे तेल आणि आठ-दहा पाकळ्या लागतात. लसूण सोनेरी व्हायच्या थोडं आधीच काढायची, कारण बाहेर काढल्यावरही ती शिजत राहते. तांबडी होईपर्यंत थांबलं तर सगळा भात कडू.

दुपारी एकनंतर मात्र हाच भात बिघडतो. आदल्या रात्रीचा साठा संपतो आणि कुकरमधला ताजा भात थेट तव्यावर येतो. ताटलीत ओलसर गोळे, वरची लसूणही मऊ पडलेली. दिवसभर न्याहारी द्यायची म्हटल्यावर भाताचा हिशोब दिवसभराचा हवा. सकाळी सहाला आणखी एक घाणा शिजवून उथळ ट्रेमध्ये पातळ पसरला, पंख्याखाली लगेच गार करून फ्रिजमध्ये टाकला, तर दुपारपर्यंत चालण्यासारखा होतो. मोठ्या पातेल्यात झाकून बाहेर ठेवायचं मात्र नाही. कोमट भातात जंतू वाढतात आणि त्यांचं विष नंतर परतूनही जात नाही. एवढं एक सुधारलं तर संध्याकाळीही इथं निर्धास्त जाता येईल.

अंडं हाफ फ्राय येतं, कडा जाळीदार आणि बलक वाहता. बलक फोडून भातात कालवायचा असतो. फुल फ्राय सांगितलं तर ताटली कोरडी लागते, मग दोष हॉटेलाला देऊ नका.

लोंगसिलोग सगळ्यात जमलाय. लोंगानिसा हा स्पॅनिश घराण्यातला सॉसेज, तर गोव्याचं चोरिस पोर्तुगीज वळणाचं, म्हणजे नात्यातलेच. चोर्ला घाट उतरून चोरिस आणणाऱ्या बेळगावकरांना ओळख पटायला वेळ लागणार नाही. फरक असा की चोरिसात मिरची आणि धूर पुढं असतो, लोंगानिसात लसूण. फिलिपिन्समधल्या पाम्पांगाकडचा गोड, तिथल्याच विगान आणि लुकबानचा लसणीचा. इथला लुकबानच्या वळणाचा आहे, रंगाला ब्याडगी घातलीय. शिजवायची पद्धतही नीट पाळलीय: तव्यात सॉसेज अर्धे बुडतील एवढं पाणी, ते आटलं की सुटलेल्या चरबीतच परतायचे. थेट मोठ्या आचेवर टाकले तर आवरण फाटतं.

तोसिनोत हेच उलटं झालंय. हा साखरेत मुरवलेला पोर्क, त्यामुळं साखर मांसाच्या आधी जळते. आधी थोड्या पाण्यात शिजवून पाणी आटल्यावर दोन-तीन मिनिटंच परतायला हवा. इथं कडा काळ्या येतात आणि मधला भाग चिवट. घाई दिसतेय.

तापा मुळात बीफचा, पातळ काप करून सोया सॉस, लसूण आणि कालामान्सी या छोट्या लिंबात मुरवलेला. इथं चिकनचा आहे आणि लिंबू आपलं साधंच. चव जमते. पण चिकन रात्रभर आंबटात ठेवलं की भुसभुशीत होतं, आणि तसंच झालंय. दोन तास पुरेत.

टेबलावरची बाटली मागून घ्या. तिकडं व्हिनेगरला ‘सुका’ म्हणतात, त्यामुळं कार्डावर सुका वाचून कोरडं काहीतरी येईल असं समजू नका. इथं गोव्याच्या माडीचं व्हिनेगर वापरतात, त्यात लसूण, आलं, मिरची घातलेली. माडाच्या ताडीचं व्हिनेगर फिलिपिन्समध्येही घरोघरी असतं, म्हणून ही अदलाबदल अगदी चपखल बसते. पांढरं सिंथेटिक व्हिनेगर असतं तर सगळा खेळ बिघडला असता. लोंगानिसाचा प्रत्येक घास त्यात बुडवून खा. कच्च्या पपईचं अत्सारा सोबत येतं. ‘अत्सारा’ हा शब्द आपल्या ‘अचार’चाच भाऊ. पपई किसून, मीठ लावून घट्ट पिळलेली असल्यानं कुरकुरीत राहते.

अंडं खाणाऱ्यांना, पण मांस न खाणाऱ्यांना ‘तोर्तांग तालोंग’ आहे. लांब वांगं देठासकट भाजायचं, साल काढून काट्यानं दाबून पसरट करायचं आणि फेटलेल्या अंड्यात बुडवून तळायचं. भरताची ओळख असलेल्या जिभेला हे लगेच आवडेल. अंडंही न खाणाऱ्यांना मात्र इथं भात आणि अत्साराखेरीज काही नाही, आणि वेगळा तवाही नाही.

पावसाळ्यात ‘आरोस काल्दो’ घ्या. आलं आणि चिकन घालून केलेली भाताची दाट पेज, वर करडईच्या पाकळ्या. तिकडं रंगाला त्याच घालतात. चाँपोरादो, म्हणजे चॉकलेटची पेज, टाळली तरी चालेल. तिला भाजलेल्या कोकोच्या वड्या लागतात, इथं कोको पावडर आहे, त्यामुळं स्निग्धपणा येत नाही. सोबत सुकी तारली देतात, ती मात्र अस्सल. गोड पेजेत खारट मासा विचित्र वाटेल, पण दोन घास एकदम घेऊन बघा.

गोडात उबे हालाया. उबे म्हणजे आपलं कोनफळ. सालासकट वाफवून, किसून, कंडेन्स्ड मिल्क आणि लोणी घालून अर्धा-पाऊण तास सारखं हलवायचं, कढई सुटेपर्यंत. कुंदा करणाऱ्यांना ही हाताची मेहनत सांगायला नको. कोनफळ थंडीत येतं, म्हणून डिसेंबर ते फेब्रुवारीतच मागवा. रंग मळकट जांभळा आणि जिभेला बारीक रवाळपणा लागला तर कोनफळ खरं. भडक जांभळा आणि गुळगुळीत असेल तर इसेन्स.

पार्सल न्यायचं असेल तर तळलेली लसूण वेगळ्या कागदात बांधून मागा आणि अंडं घरीच करा. बंद डब्यातल्या वाफेनं पंधरा मिनिटांत दोन्हीची वाट लागते.