कम्युनिटी कॉलेजमधला मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलस: पूर्ण सत्रानंतरचा अनुभव, आणि त्या अ‍ॅक्सेस कोडबद्दल

मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलसचं (म्हणजे एकापेक्षा जास्त चलांच्या कलनाचं) सत्र संपलं, ‘ए’ ग्रेड मिळाली, आणि अ‍ॅक्सेस कोड विकत घेऊन उघडलेलं माझं ऑनलाइन गृहपाठाचं लॉगिन लगोलग बंद झालं. सत्रभर सोडवलेली गणितं, कुठे अडले, कुठल्या पायरीला काय सुचलं, सगळं त्या साइटवर अडकून पडलंय. चॅटवर विचारलं तर उत्तर आलं, ‘तुमचा कोड एका सत्राचा होता, पुढे बघायचं असेल तर नवीन घ्या.’ माझीच गणितं बघायला मी पुन्हा पैसे भरायचे! तेव्हाच ठरवलं की या कोर्सबद्दल सविस्तर लिहायचं. कोर्स उत्तम आहे आणि कोड ही लूट आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

माझी परिस्थिती आधी सांगते, म्हणजे तुम्हाला स्वतःशी ताडून बघता येईल. मी साताऱ्याची, बी.एस्सी. स्टॅटिस्टिक्स. लग्नानंतर कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या पूर्वेकडच्या ईस्ट बेमध्ये, एच-फोर व्हिसावर (एच-वनवर नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराचा व्हिसा). स्टॅटिस्टिक्समध्ये एम.एस. करायचंय. डबल इंटिग्रल, जेकोबियन हे या विषयातले भाग कॉलेजात झाले होते, पण मार्कशीटवर नुसतं ‘पेपर तिसरा’ असं छापलेलं. विद्यापीठाने स्पष्ट कळवलं की मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलस आणि लिनिअर अल्जेब्रा हे विषय नावानिशी दिसले पाहिजेत. एच-फोरवर शिकायला आडकाठी नाही, म्हणून घराजवळचं कम्युनिटी कॉलेज (दोन वर्षांचं, कमी फीचं सरकारी कॉलेज) गाठलं.

फी बहुतेकांना माहीत असेल. राज्यातल्या रहिवाशांना युनिटला (आपल्याकडच्या क्रेडिटसारखं माप) ४६ डॉलर. हा दर २०१२ पासून बदललेला नाही. माझा कोर्स चार युनिटचा, म्हणजे १८४ डॉलर, वर आरोग्य शुल्क वगैरे किरकोळ. रहिवासी ठरायला राज्यात एक वर्ष आणि एक दिवस राहिल्याचे पुरावे लागतात. एच-वन आणि एच-फोरवाल्यांना ही सवलत मिळू शकते, एफ-वनवाल्यांना, म्हणजे विद्यार्थी व्हिसावाल्यांना, सहसा मिळत नाही आणि त्यांची फी कित्येक पटींनी जास्त असते. भाडेकरार, टॅक्सचे कागद, ड्रायव्हिंग लायसन्स आधीच एका फाइलला लावून ठेवा. आधीचे दोन कॅल्क्युलस झालेत हे पटवून द्यायला मात्र माझा जीव मेटाकुटीला आला. ऑफिस म्हणे सिलॅबस आणा. साताऱ्याच्या कॉलेजातून शिक्का मारलेला सिलॅबस माझ्या भावाने खेटे घालून मिळवला, तेव्हा कुठे नोंदणीची वाट मोकळी झाली. भारतातली पदवी असेल तर हे काम प्रवेश सुरू व्हायच्या बरंच आधी हाती घ्या.

आता कोड. नोंदणीच्या पानावर फी १८४ दिसते. पहिल्या तासाला कळतं की गृहपाठ एका खासगी साइटवर आहे आणि तिथे शिरायला कोड विकत घ्यावा लागतो. मला तो १२० डॉलरला पडला, म्हणजे फीच्या जवळपास दोन तृतीयांश. आणि तो टाळता येत नाही, कारण एकूण गुणांपैकी १५ टक्के त्या गृहपाठावर. सेकंड हँड पुस्तक मिळतं, सेकंड हँड कोड मिळत नाही. पुण्याला शिकणारी माझी मावसबहीण जूनमध्ये अप्पा बळवंत चौकातून जुनी पुस्तकं आणायची आणि वर्ष संपलं की तिथेच विकून थोडे पैसे सोडवायची. इथे मी १२० डॉलर मोजले आणि सत्र संपल्यावर हातात एक कागदही नाही. राज्य सरकार फी इतकी वर्षं जागेवर ठेवतं आणि त्या स्वस्ताईचा मोठा वाटा एक सॉफ्टवेअर कंपनी मधल्यामध्ये उचलते, याचा मला मनापासून राग आहे. माझ्या शेजारी बसणारा मुलगा रात्रपाळीला गोदामात काम करायचा. सुरुवातीचे दोन आठवडे साइट फुकट चालते, तेवढ्यात तो पुढच्या गृहपाठातली गणितं वहीत उतरवून घेत होता, कारण पगार व्हायचा होता.

बरं, पैसे घेतलेत तर साइट तरी नीट चालावी! अवकाशातल्या रेषेचं पॅरामेट्रिक समीकरण अगणित प्रकारे लिहिता येतं. रेषेवरचा कुठलाही बिंदू सुरुवातीला घ्या, दिशेच्या व्हेक्टरला कुठल्याही शून्येतर संख्येने गुणा, रेषा तीच राहते. साइटला मात्र तिच्या मनातलंच रूप हवं. मी दुसरा बिंदू घेऊन लिहिलं तर लाल फुली. बिंदू समीकरणात घालून ताळा केला, उत्तर बरोबरच होतं. सरांना ईमेल केला, त्यांनी त्याच दिवशी हाताने गुण दिले. पण प्रत्येक गणितासाठी सरांना किती वेळा त्रास देणार?

ते सर हीच या कोर्सची खरी कमाई. ते तिथे पूर्णवेळ नाहीत. कॅलिफोर्नियाच्या नियमाप्रमाणे अर्धवेळ शिक्षकाला एका डिस्ट्रिक्टमध्ये (कॉलेजं चालवणाऱ्या एका प्रशासकीय विभागात) पूर्ण कामाच्या ६७ टक्क्यांपेक्षा जास्त तास देता येत नाहीत, म्हणून असे शिक्षक दोन-तीन कॉलेजांत शिकवतात आणि मधला वेळ फ्रीवेवर काढतात. आपल्याकडे तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक ज्यांनी जवळून पाहिलेत, त्यांना जास्त सांगायला नको. साताऱ्यात मला प्रोबॅबिलिटी शिकवणाऱ्या मॅडमही तशाच होत्या, सकाळी आमचं कॉलेज आणि दुपारी कोरेगाव. सरांचा ऑफिस अवर (शंका विचारायची ठरलेली वेळ) आठवड्यातून एकदाच असायचा आणि तोही वर्ग सुटल्या-सुटल्या, पण त्या वेळात त्यांनी कुणाला रिकाम्या हाताने परत पाठवलं नाही.

ग्रेडियंट, म्हणजे सर्वात उभ्या चढाची दिशा आणि तीव्रता सांगणारा व्हेक्टर, त्यांनी शिकवला तो दिवस सांगते. फळ्यावर एकही सूत्र नाही. त्यांनी माउंट डायब्लोचा समोच्चरेषांचा नकाशा प्रत्येकाला दिला. डायब्लो म्हणजे आमच्या खिडकीतून दिसणारा ३,८४९ फुटांचा डोंगर. नकाशावर पेन्सिलीने एक बिंदू काढा, म्हणाले, आणि तिथून सर्वात उभ्या चढाची दिशा दाखवा. सगळ्यांचे बाण समोच्चरेषेला काटकोनात आले. रेषा दाट तिथे बाण लांब, विरळ तिथे आखूड. मग म्हणाले, आता पायवाट बघा, ती या बाणाने जाते का? जात नाही, तिरकी जाते. बाणाशी ६० अंशाचा कोन केला की चढ बरोबर निम्मा होतो, कारण ६० अंशाचा कोसाइन अर्धा. समोच्चरेषेवरूनच चाललात तर कोन ९० अंशाचा आणि चढ शून्य. डिरेक्शनल डेरिव्हेटिव्ह, म्हणजे हव्या त्या दिशेने चढ किती, हा विषय तेवढ्यात संपला. लहानपणी अजिंक्यताऱ्यावर डांबरी रस्त्याने वळणं घेत जायचं की पायवाटेने छातीवरचा चढ चढायचा, यावरून आमचा घरात वाद व्हायचा. त्या वादातलं गणित मला इतक्या वर्षांनी इथे कळलं आणि त्या तासाला मला फार आनंद झाला.

लाग्रांज मल्टिप्लायरला (अट पाळून जास्तीत जास्त किंवा कमीत कमी किंमत काढायची पद्धत) त्यांनी विमानाची बॅग घेतली. लांबी, रुंदी, उंची मिळून १५८ सेंटिमीटर, घनफळ जास्तीत जास्त किती? उत्तर घन येतं, बाजू साधारण ५२.७ सेंटिमीटर, घनफळ सुमारे १४६ लिटर. बाजारात मिळणारी लांबट बॅग, समजा ७६, ४८ आणि ३४ सेंटिमीटरची, १२४ लिटरच्या आसपास भरते. भारतवारीआधी वजनकाटा घेऊन बसणाऱ्या आम्हा लोकांना २३ किलोची मर्यादा आधी आडवी येते, हे मी वर्गात सांगितलं. त्यावर सरांनी ती दुसरी अट म्हणून फळ्यावर मांडली आणि दोन अटी असल्या की दोन लॅम्डा (दर अटीचा एक गुणक) कसे येतात ते दाखवलं. विद्यार्थ्याच्या बोलण्यातून पुढचा विषय उचलणारा शिक्षक १८४ डॉलरमध्ये मिळतो, हे मी मुद्दाम अधोरेखित करते.

सत्राच्या मध्यावर साइटबद्दलचं माझं मत थोडं मऊ झालं होतं, तेही प्रामाणिकपणे लिहायला हवं. पार्शल डेरिव्हेटिव्ह आणि चेन रूलच्या प्रकरणात ती खरंच कामाची आहे. उत्तर एकच, सरळ, लगेच कळतं बरोबर की चूक. आकडे बदलून तेच गणित पुन्हा देते, हात बसतो. त्या दिवसांत मी नवऱ्याला म्हणालेसुद्धा की पैसे अगदीच वाया गेले नाहीत.

मग मल्टिपल इंटिग्रल आले आणि मत पुन्हा फिरलं. या भागात सगळी मेहनत आकृतीत आणि मर्यादा लिहिण्यात असते, उत्तर हा शेवटचा तुकडा. एक नमुना घ्या: ई चा घात वाय-वर्ग, आतलं इंटिग्रेशन वाय वर एक्सपासून १ पर्यंत, बाहेरचं एक्स वर ० ते १. आतलं इंटिग्रेशन हातच्या फलनांत होतच नाही. त्रिकोण काढायचा, क्रम उलटा करायचा. मग एक्स ० ते वाय, एक अधिकचा वाय बाहेर येतो आणि गणित दोन ओळींत सुटतं. उत्तर ई वजा १, भागिले २. परीक्षेत सरांनी याच धाटणीच्या गणिताला १० पैकी ६ गुण नुसत्या त्रिकोणाला आणि उलट्या मर्यादांना ठेवले होते. साइटला त्रिकोण दिसत नाही. तिथे ०.८५९ लिहिलं तर ‘अचूक रूप द्या’ म्हणत शून्य. ज्या प्रकरणात विद्यार्थ्याला सर्वात जास्त मदत लागते, तिथेच हे यंत्र आंधळं आहे. १२० डॉलर ज्या कामासाठी घेतले, ते काम शेवटी सर, लाल पेन आणि माझी वही यांनीच केलं.

भारतात शिकलेल्यांसाठी एक सूचना. स्फेरिकल कोऑर्डिनेट्समध्ये (बिंदूची जागा अंतर आणि दोन कोनांनी सांगायची पद्धत) थीटा आणि फाय यांची अदलाबदल असते. आपण भौतिकशास्त्राच्या पद्धतीने शिकतो, थीटा हा झेड अक्षापासूनचा कोन. इथल्या कॅल्क्युलसच्या पुस्तकांत झेड अक्षापासून फाय मोजतात आणि थीटा एक्स-वाय प्रतलात, त्यामुळे घनफळाच्या घटकात साइन फाय येतो. नवरा सांगलीचा इंजिनिअर, त्याला एम-थ्री (इंजिनिअरिंगच्या गणिताचा तिसरा पेपर) तोंडपाठ. त्याच्याबरोबर अभ्यासाला बसलं की पहिली दहा मिनिटं चिन्हांवरच जायची. पण स्टोक्सचं प्रमेय (पृष्ठभागावरचं इंटिग्रल त्याच्या कडेवरच्या इंटिग्रलशी जोडणारं) त्याने सटासट सोडवलं आणि मग मी पडद्यावर पृष्ठभाग फिरवून दाखवला, कड कुठली, नॉर्मल (पृष्ठभागाला लंब दिशा) कुठल्या बाजूला, तेव्हा तो म्हणाला, ‘हे मी आज पहिल्यांदा बघतोय.’ भारतात ‘टाइप एक, टाइप दोन’ करत जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून घेतात. गणितं सुटतात, पण आकृती डोळ्यांपुढे येत नाही. इथल्या कोर्सने मला आकृती दिली.

तो पृष्ठभाग आम्ही कॅल्कप्लॉट-थ्रीडी या ऑनलाइन साधनावर फिरवत होतो. ते न्यूयॉर्क राज्यातल्या मनरो कम्युनिटी कॉलेजच्या पॉल सीबर्गर या शिक्षकाने बनवलंय आणि पूर्ण फुकट आहे. राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्सचा कॅल्क्युलस खंड ३ हाही फुकट, त्यात व्हेक्टरपासून स्टोक्स आणि डायव्हर्जन्सपर्यंत सगळं आहे. एमआयटीच्या १८.०२ कोर्सची डेनिस ओरू यांची २००७ मधली व्याख्यानंही फुकट बघता येतात. सत्राच्या उत्तरार्धात मी गृहपाठ सोडून बाकी सगळा अभ्यास यावरच केला. म्हणजे कोडवाली साइट देते त्यापेक्षा चांगलं साहित्य जगात मोफत पडलेलं असताना आम्ही पैसे भरत होतो.

तक्रार करायची तर वेगाचीही आहे. पहिले पाच-सहा आठवडे व्हेक्टर, प्रतलं, पृष्ठभाग यांत आरामात गेले आणि ग्रीन, स्टोक्स, डायव्हर्जन्स ही तिन्ही प्रमेयं शेवटच्या थोड्या दिवसांत कोंबली. ज्यांना पुढे फिजिक्स किंवा इंजिनिअरिंग करायचंय त्यांनी तो भाग स्वतः आधी वाचून ठेवावा. मला स्टॅटिस्टिक्सला जेकोबियन आणि मल्टिपल इंटिग्रल जास्त लागणार, त्यामुळे माझं अडलं नाही.

वर्ग मात्र प्रत्यक्ष हजर राहून करायचाच घ्या. त्रिमितीतला पृष्ठभाग समोर हात हलवून दाखवणारा माणूस लागतो. शिवाय वर्गातली माणसं. अकरावी-बारावीची हुशार पोरं, सैन्यातून परतलेले, यूसीला (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला) ट्रान्सफर व्हायच्या तयारीतले, आणि माझ्यासारख्या संसार सांभाळून आलेल्या. कुणी कुणाला हसत नाही, अडलं की खुर्ची ओढून शेजारी येतात.

नोंदणी करताना कॉलेजच्या वेळापत्रकात ‘झिरो टेक्स्टबुक कॉस्ट’ची खूण शोधा. २०१६ च्या एस.बी. १३५९ या कायद्यामुळे, ज्या वर्गात साहित्याचा खर्च शून्य आहे त्यापुढे ही खूण दाखवणं २०१८ पासून इथल्या कम्युनिटी कॉलेजांना बंधनकारक आहे. आमच्या सत्रात मल्टिव्हेरिएबलच्या एकाही वर्गापुढे ती नव्हती. मी गणित विभागाला तसं लेखी कळवलंय आणि कोर्सनंतरच्या मूल्यमापनातही लिहिलंय. सरांनी सांगितलं की साइट विभागाने ठरवलेली असते, त्यांच्या हातात नसतं, पण विद्यार्थ्यांची पत्रं बैठकीत वाचली जातात. तुमच्या कॉलेजात असंच असेल तर तुम्हीही लिहा.

पुढच्या सत्रात लिनिअर अल्जेब्रा घेतेय. सर तेच, खूण आहे, पुस्तक फुकट, गृहपाठ कागदावर. नोंदणी उघडली तेव्हा वर्गात चार जागा उरल्या होत्या. मी लगेच नाव घातलं आणि गोदामातल्या त्या मुलालाही फोन करून सांगितलं.