थांबायचा सल्ला विकत घेतला: कॅनडा पीआरसाठी (कायमच्या वास्तव्यासाठी) वकील लावल्याचा सोळा महिन्यांचा अनुभव

आधी आकडे, कारण सगळे तेच विचारतात. वकिलांची फी 3,200 डॉलर, वर 13 टक्के एचएसटी (तिथला विक्रीकर), पहिल्या भेटीचे 150 वेगळे. सरकारी फी तेव्हा, 2025 मध्ये, 1,525 आणि बायोमेट्रिक्सचे 85, हे मात्र फाइल कोणीही केली तरी चुकत नाहीत.

जुलै 2024 मध्ये टोरोंटोजवळच्या मिसिसागात वकिलांच्या छोट्याशा ऑफिसात गेले, तेव्हा माझ्या मते फाइल तयारच होती. पुण्यातल्या एका एजंटने फोनवर हिशेब मांडून दिला होता: दुकानात सुपरवायझर म्हणून पूर्णवेळ आठ महिने, त्याआधी कॉलेज चालू असताना आठवड्याला पंधरा तास असे आठ महिने, म्हणजे धरा चार. झालं वर्ष. "टाका मॅडम, चालतं."

वकीलबाईंनी कागद पाहिला आणि पेनाने ते चार महिने सरळ खोडले. पूर्णवेळ विद्यार्थी असतानाचं काम कॅनेडियन एक्सपीरियन्स क्लासमध्ये (सीईसी, म्हणजे कॅनडातल्या एक वर्षाच्या कामावर पीआर मागायचा मार्ग) धरत नाहीत. वर्ष म्हणजे किमान 1,560 तास, तेही शिक्षण संपल्यावरचे. चुकीची माहिती दिल्याचा ठपका बसला तर पाच वर्षं अर्जच करता येत नाही, हेही तेव्हाच कळलं. "नोव्हेंबरनंतर बघू," म्हणाल्या. डिसेंबरात मला तीस वर्षं पूर्ण होणार होती. पीआरची निवड गुणांवर होते, आणि तिशी गाठली की वयाचे गुण 110 वरून 105 वर येतात. थांबा म्हणायचे दीडशे डॉलर! बसमध्ये बसून आईला फोन केला आणि तिलाच उगाच बोलले.

पण निघता निघता त्यांनी विचारलं होतं, शाळेत भाषा कोणत्या होत्या? मार्कांसाठी संस्कृत सोडून फ्रेंच घेतली होती, पुढे कॉलेजात हौसेने बी-वनपर्यंत (मधल्या पातळीपर्यंत) गेले होते. हे मी कुठे लिहिलंसुद्धा नव्हतं. त्यांचे डोळेच चमकले. फ्रेंच परीक्षेच्या चारही भागांत एनसीएलसी 7 (फ्रेंच मोजायच्या कॅनडाच्या मापात सातवी पातळी) आलं तर 50 जादा गुण, शिवाय फ्रेंच येणाऱ्यांचे ड्रॉ, म्हणजे गुणांवरून अर्जाचं आमंत्रण देणाऱ्या फेऱ्या, वेगळे निघतात. थांबण्याचे महिने मग दुकानातून आल्यावर फ्रेंच ऐकण्यात गेले. टीईएफ ही फ्रेंचची परीक्षा जानेवारीत दिली, बोलण्याच्या भागात जेमतेम काठावर पास. 21 मार्च 2025 च्या फ्रेंच ड्रॉचा कट-ऑफ 379 होता. नुसत्या सीईसीच्या ड्रॉला त्या दिवसांत पाचशेच्या वर लागत होते, तिथे माझा नंबर लागलाच नसता.

आमंत्रण आल्यावर अर्जाला 60 दिवस असतात. त्यातले बारा नोकरीच्या अनुभवाच्या एका पत्राने खाल्ले. माझ्या मॅनेजरने 62010 या, दुकानातल्या सुपरवायझरच्या सरकारी कोडखालची कामं सरकारी साइटवरून जशीच्या तशी उतरवून दिली होती. बाईंनी परत पाठवलं. सरकारने कामांच्या टीईईआर नावाच्या पातळ्या केल्यात; दुकानातला विक्रेता टीईईआर 4 मध्ये येतो, तो चालत नाही. सुपरवायझर 2 मध्ये, तो चालतो. फरक पदाच्या नावाने नाही, कामाने दिसायला हवा. मग दुसरं पत्र झालं: शनिवारी सहा जणांच्या पाळ्या ही लावते, रात्री गल्ला मोजून तिजोरीत ठेवते, परत आलेल्या मालावर सही हिची लागते. वाचून मलाच वाटलं, अरे, एवढं करते मी!

आता तक्रारी. फी वकिलांच्या नावाने घेतात, रोजची फाइल मात्र पॅरालीगलकडे (वकिलांच्या मदतनिसाकडे), आणि सोळा महिन्यांत तीन पॅरालीगल बदलले. ईमेलला उत्तर चार-पाच दिवसांनी. मसुद्यात माझं आडनाव नावाच्या रकान्यात टाकलं होतं, कारण मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं आणि खाली आईचं. वर "या बाई कोण?" असा ईमेल आला. "माझी आई" असं उत्तर लिहिताना काय वाटलं ते सांगत नाही. ती चूक मीच पकडली. पीसीसीसाठी (पोलिसांच्या दाखल्यासाठी) बीएलएस या भारतीय कागदपत्रांच्या केंद्राच्या चकरा माझ्याच, लग्न झालेल्यांना मराठी दाखल्यांची भाषांतरं वेगळी.

सरळ फाइल असेल, एकच नोकरी, एकच देश, तर एवढे पैसे घालू नका; फॉर्म कठीण नाहीत. घोळ असेल तर एका भेटीचे तरी द्या, आणि परवानाधारक सल्लागार असेल तर सल्लागारांना परवाना देणाऱ्या 'कॉलेज' या संस्थेच्या यादीत नाव बघूनच द्या.

नोव्हेंबरात ई-सीओपीआर, म्हणजे पीआर मिळाल्याचं पत्र, आलं. फेसबुकवर टाकल्यावर पुण्याच्या एजंटचा मेसेज: "अभिनंदन मॅडम! तुमचा फोटो आमच्या जाहिरातीत घेऊ का?" अजून उत्तर दिलेलं नाही.