मोडीचा संच: बोरू चोख, कित्ता फसलेला

मोडी, म्हणजे मराठीची जुनी घाईची लिपी, शिकणाऱ्यांसाठी पुण्यातल्या आप्पा बळवंत चौकात सध्या एक संच मिळतो. किंमत 650 रुपये. खोक्यात तीन बोरू (तासून केलेल्या लेखण्या), काजळी शाईची 30 मिलीची बाटली, पितळी दौत, हातकागदाचे दहा ताव, ओली शाई टिपायला वाळूची पुडी आणि सोळा पानी कित्ता, म्हणजे गिरवायचा नमुना.

बोरू खरोखर बोरू नावाच्या पोकळ काडीचेच आहेत, ही जमेची बाजू. एरवी बांबूची कामटी तासून बोरू म्हणून गळ्यात मारतात. ती शाई धरत नाही आणि चीर पाडताना उभी फाटत जाते. इथले पोकळ आणि हलके आहेत, पण टोक चांगलं तीन मिलिमीटर रुंद. बालबोधाला, म्हणजे देवनागरीला, ते चालेल. मोडी ही घाईची लिपी, तिला दीड मिलिमीटरच्या वर टोक नको, नाहीतर अक्षरांच्या गाठी भरून येतात आणि ‘व’, ‘ब’ सगळे सारखेच दिसायला लागतात. टोकाच्या दोन्ही बाजूंनी थोडं थोडं तासा, आतला भेंडासारखा गर खरवडून काढा, मधोमध सेंटिमीटरभर चीर द्या आणि टोक कठीण फळीवर ठेवून एकाच दाबात छाटा. चीर आधी, छाट नंतर. क्रम उलटला की टोकाचा एक कोपरा हमखास उडतो.

शाईत डिंक कमी पडलाय. वाळलेल्या अक्षरावरून अंगठा फिरवला की काळं होतं. पोथ्यांच्या शाईचं एक जुनं प्रमाण काजळाच्या दुप्पट डिंक असं आहे. बाभळीचा डिंक रात्रभर भिजवून फडक्यातून गाळा आणि थेंबाथेंबाने मिसळत प्रत्येक वेळी रेघ ओढून बघा. रेघ चकाकायला लागली की थांबा. त्यापुढे कागदाची घडी घातल्यावर शाईचे पापुद्रे सुटतात.

खरी अडचण कागदाची. दिसायला जुना, पण लिहायला टीपकागद! अक्षराला चारी बाजूंनी मिशा फुटतात. कारण कागदाला खळ (पिठाच्या पेजेचा लेप) नाही आणि घोटाईही नाही. जुन्नरी कागद असो की दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचा, लिहिण्याजोगा हातकागद खळ देऊन आणि घोटूनच तयार व्हायचा. घरी करायचं तर चमचाभर तांदळाचं पीठ कपभर पाण्यात पातळ शिजवा, गाळा आणि रुंद ब्रशने एकाच दिशेने फिरवा. दोरीवर पूर्ण वाळू द्या, मग दुसरी बाजू. शेवटी ताव सपाट फळीवर ठेवून गुळगुळीत गोट्याने किंवा काचेच्या पेपरवेटने घोटा. ओलसर कागद घोटलात तर तो सोलवटतो. पुण्याच्या पावसाळ्यात हा उद्योग नकोच, खळ वाळायच्या आत बुरशी धरते.

कित्ता मात्र सरळ बाजूला ठेवावा. मजकूर संगणकावर टाइप केलेला आहे (मोडीला युनिकोडमध्ये 2014 साली जागा मिळाली) आणि प्रत्येक शब्दावर देवनागरीसारखी तुटक शिरोरेषा आहे. मोडीत आधी कागदभर आडवी रेघ ओढतात, मग तिच्याखाली हात शक्य तितका न उचलता अक्षरं लटकवतात. शब्दांत अंतर नाही, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही पाळलेला नसतो. शब्द तोडणं हे वाचणाऱ्याचं काम. सुटे सुटे शब्द गिरवून शिकलेला माणूस पेशवे दफ्तरातल्या पहिल्याच कागदाशी अडतो.

यादवांचे प्रधान हेमाडपंत यांनी मोडी लंकेहून आणली, ही आख्यायिका कित्त्यात इतिहास म्हणून छापली आहे. ती सोडून देऊ. पण शुहूर सनाचं, म्हणजे जुन्या मराठी कागदांवर अरबी शब्दांत लिहिलेल्या वर्षाचं, गणित चुकवणं महागात पडतं. ‘इहिदे सबैन मया व अलफ’ म्हणजे एक, सत्तर, शंभर आणि हजार मिळून 1171. इसवी सन काढायला कित्ता त्यात सरसकट 600 मिळवायला सांगतो. हे वर्ष मृग नक्षत्रापासून, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाशी सुरू होतं आणि इसवी सन त्याच्या मध्येच बदलतो, म्हणून श्रावणातल्या पत्राला 599 मिळवून 1770 येतं आणि माघातल्या पत्राला 600 मिळवून 1771. कित्त्याच्या हिशेबाने श्रावणातलं पत्र वर्षभर पुढे सरकतं.

वाळू ठीक आहे, फक्त चाळून घ्या. दौतीत सुताचा बोळा घाला, म्हणजे बोरू तळाशी आपटणार नाही आणि शाईही बेताची उचलेल.

दुकानदार सुटे बोरू देत असेल तर तेवढेच घ्यावेत. कित्त्याऐवजी अस्सल पत्राची छायाप्रत समोर ठेवावी. सदाशिव पेठेतल्या भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीचे वर्ग होत आले आहेत, तिथे चौकशी करता येईल. लिहून झालं की बोरू लगेच धुऊन आडवा वाळवा. डिंक चिरेत सुकला तर पुन्हा नवं टोक काढावं लागतं.