टाइमशेअरमधून "सोडवून देतो" म्हणत काकांना दुसऱ्यांदा लुटलं. सुटायचे खरे रस्ते कुठले तेही लिहितेय, प्लीज घरातल्या मोठ्यांना दाखवा

टाइमशेअर म्हणजे आधीच मोठी रक्कम भरून दरवर्षी काही दिवस रिसॉर्टमध्ये राहण्याचा हक्क देणारी हॉलिडे मेंबरशिप. काकांना विचारूनच लिहितेय. कंपनीचं नाव देणार नाही कारण केस चालू आहे, पण प्रकार जसा झाला तसाच सांगते, कारण हे फोन अजून बंद झालेले नाहीत आणि मुलुंड-ठाणे साइडला आमच्याच ओळखीत आणखी काही जणांना येऊन गेलेत.

काका-काकू मुलुंड ईस्टला राहतात, काका रिटायर्ड. 2019 ला मॉलमध्ये लकी ड्रॉचं कूपन भरलं, मग फोन, "सर तुम्हाला गिफ्ट लागलंय, मॅडमना घेऊन जोडीनेच या". हॉटेलचा हॉल, मोठ्या आवाजात गाणी, नाश्ता, दर थोड्या वेळाने कुठल्यातरी टेबलावर टाळ्या, आणि समोर बसलेली पोरं उठूच देत नाहीत, आज सही केली तरच हा रेट, उद्या नाही. 25 वर्षांची मेंबरशिप, 3 लाख 80 हजार, थोडे कार्डावर, बाकी फायनान्स कंपनीचा ईएमआय, त्याचा ओटीपी तिथेच बसल्या बसल्या घेतला. कधीही कुठेही बुकिंग मिळेल, नको झाली तर आम्हीच विकून देऊ, हे सगळं तोंडी. करारात त्यातलं एक अक्षर नाही, उलट बारीक अक्षरात छापलंय की सेल्सवाल्याने तोंडी दिलेलं कुठलंही आश्वासन कंपनीवर बंधनकारक नाही. मग नेहमीचंच, दिवाळीत रूम नाही, मे महिन्यात रूम नाही, मिळते ती भर पावसात, आणि वर्षाचा मेंटेनन्स म्हणजे एएमसी 14 हजारांवरून 23 हजारांवर, वर 18 टक्के जीएसटी, तुम्ही जा नाहीतर घरी बसा.

इथपर्यंत बऱ्याच जणांचं झालेलं असतं. खरा घात पुढे झाला.

गेल्या वर्षी काकूंना फोन आला. बोलणारा स्वच्छ मराठीत बोलत होता, "काकू, मी तुमच्या मेंबरशिपच्या रीसेल डिपार्टमेंटमधून बोलतोय" असं म्हणाला आणि मेंबरशिप नंबर, कुठल्या साली घेतली, किती भरले, कुठली एएमसी थकलीय सगळं धडाधड सांगितलं. एवढी माहिती आहे म्हणजे कंपनीचाच माणूस असणार असं कोणालाही वाटेल, पण हा डेटा विकला जातो, फोनवाल्याला तुमची कुंडली माहीत असणं हा कसलाही पुरावा नाही. म्हणाला एका कॉर्पोरेट कंपनीला स्टाफसाठी मेंबरशिप हव्यात, तुमच्या मेंबरशिपचे 5 लाख 40 हजार मिळतील, बायर रेडी आहे. फक्त एनओसीचे, म्हणजे ना हरकत पत्राचे, 18,500 भरा. ते भरले. मग जीएसटी क्लिअरन्सचे 46 हजार, तेही भरले, मग टीडीएसचे 54 हजार, "हे रिफंडेबल आहेत काकू, चेकबरोबरच परत येतील". प्रत्येक वेळी वेगळं खातं, आणि कुठलंच खातं कंपनीच्या नावाचं नाही, कोणाचं तरी पर्सनल सेव्हिंग अकाउंट. एकूण 1 लाख 18 हजार 500. चौथ्यांदा रिझर्व्ह बँकेची रिलीज फी म्हणून मागितले तेव्हा काकूंनी मला फोन केला.

मी ते व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं पत्र नीट बघितलं. वर अशोकस्तंभ, बाजूला रिझर्व्ह बँकेचा शिक्का, खाली निळ्या शाईतली सही, लेटरहेडवर अंधेरी ईस्टचा पत्ता. आणि जीएसटी नंबर सुरू होतो 09 ने. महाराष्ट्राचा कोड 27 आहे, 09 म्हणजे उत्तर प्रदेश. जीएसटीच्या सरकारी साइटवर टॅक्सपेअर सर्च म्हणून सोय आहे, लॉगिन लागत नाही, तो 15 अक्षरांचा नंबर टाकला की धंद्याचं नाव येतं. टाकला तर भलत्याच कुठल्यातरी दुकानाचं नाव आलं. दोन मिनिटांचं काम आहे, पैसे भरायच्या आधी हे करून घ्या. आणि टीडीएसचं तर साधं आहे, तो पैसे देणारा कापून घेतो आणि उरलेले तुम्हाला देतो. ज्याला पैसे मिळणार आहेत त्याने आधी स्वतःच्या खिशातून टीडीएस भरायचा हा प्रकार जगात कुठे नाही. रिझर्व्ह बँक कोणाच्या हॉलिडे मेंबरशिपचे पैसे अडवून ठेवत नाही. स्टॅम्प ड्यूटी मागतात तेही खोटं, कारण आपल्याकडे या मेंबरशिप बहुतेक नुसत्या वापरण्याच्या हक्काच्या असतात, खोली तुमच्या नावावर होत नाही, रजिस्ट्रेशन नाही, इंडेक्स टू (नोंदणीचा सरकारी उतारा) नाही, मग स्टॅम्प कशावर?

त्याच रात्री 1930 ला फोन लावला. हा सायबर फ्रॉडचा नंबर, जितक्या लवकर कराल तितकं बरं कारण पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत होल्ड लागू शकतो. 54 हजार आदल्याच दिवशी गेले होते, त्यातले थोडे समोरच्या बँकेत अडकले, ते प्रक्रिया पूर्ण झाली की परत मिळू शकतात. आधीचे दोन हप्ते गेले ते गेले. पोलिसांत तक्रार दिली, हे भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली येतं, जुनं 420. एक सांगते, काका चार दिवस कोणाशी बोलत नव्हते. या वयात हे लोक आधी पैशाने नाही, शरमेने खचतात, आणि त्याच शरमेमुळे तक्रार उशिरा होते. घरातल्यांनी आधी "कसे काय फसलात" विचारू नका, आधी 1930 लावा.

आता मेंबरशिपमधून खरंच कसं सुटायचं. हे मी सगळं त्यानंतर शोधत बसले, वकील ताईंना विचारलं, कागद वाचले.

नुकतीच घेतली असेल तर हे वाचायचं सोडा आणि आधी करार काढा. काकांच्या करारात 10 दिवसांत रद्द करायची सोय होती, पण पूर्ण अटींचं पुस्तक कुरियरने घरी आलं तेव्हा ते दिवस उलटून गेले होते. युरोपात टाइमशेअरसाठी 14 दिवस कायद्यानेच मिळतात, अमेरिकेत फ्लोरिडात 10 दिवस, आपल्याकडे टाइमशेअरसाठी असा वेगळा कायदा नाही, करारात लिहिलंय तेवढाच आधार. म्हणून सही केलेल्या दिवसापासून मोजा, ईमेल करा आणि स्पीड पोस्टनेही पाठवा, फोनवर "हो मॅडम कॅन्सल करतो" याला शून्य किंमत.

ती मुदत गेली असेल तर कंपनीला लेखी नोटीस. काय काय सांगून विकलं, कधी कधी बुकिंग मागितलं आणि नाकारलं, काय पाहिजे, 15 दिवसांत उत्तर द्या. बुकिंग नाकारल्याचे स्क्रीनशॉट जपा, हीच तुमची खरी ताकद आहे. खोटं सांगून घेतलेली संमती असेल तर करार रद्द करता येतो हे 1872 च्या करार कायद्यात कलम 17 आणि 19 मध्ये आहे, आणि रद्द करताना कंपनी मनाला येईल तेवढे पैसे कापू शकत नाही, कलम 74 प्रमाणे वाजवी नुकसानभरपाईच घेता येते. आमच्या कंपनीचं पहिलं उत्तर होतं "नॉन रिफंडेबल", जणू तो शब्द लिहिला की विषय संपला. नाही संपत.

मध्ये 1915 वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार करता येते, फुकट आहे, कंपनीवर बंधनकारक नाही पण कधीकधी तेवढ्यानेच हलतात. आमचे नाही हलले. मग ग्राहक आयोग, ज्याला आपण अजून कंझ्युमर कोर्ट म्हणतो. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तुम्ही जिथे राहता तिथे केस करता येते, करारात "फक्त अमुक शहरातली कोर्टं" असं छापलं असलं तरी. आर्बिट्रेशनचं (वाद कोर्टाऐवजी लवादाकडेच न्यायचा असं) कलम दाखवून घाबरवतात, त्यानेही आयोगाचा रस्ता बंद होत नाही, सुप्रीम कोर्टाने 2018 मध्येच ते स्पष्ट केलंय. भरलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, 50 लाखांपर्यंत जिल्हा आयोग, मुंबई उपनगरवाल्यांचा बांद्रा ईस्टला, शहरातल्यांचा परळला. ऑनलाइन ई-जागृती या सरकारी पोर्टलवर दाखल करता येते. वकील सक्तीचा नाही. फक्त एक बारकावा, तक्रार "अनफेअर कॉन्ट्रॅक्ट" म्हणून केलीत तर ती जिल्ह्यात चालत नाही, राज्य आयोगाकडे जावं लागतं, म्हणून आम्ही सेवेतली त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा असं मांडलं. आणि मुदत दोन वर्षांची आहे, उशीर झाला असेल तर कारणं देऊन माफीचा अर्ज जोडावा लागतो. लिहायला जमत नसेल तर मुंबई ग्राहक पंचायत आहे, 1975 पासूनची संस्था, तिथले स्वयंसेवक मार्गदर्शन करतात आणि खरंच आपुलकीने ऐकून घेतात.

ईएमआय चालू असेल तर रागाच्या भरात बंद करू नका. फायनान्स कंपनीचं लोन वेगळं, रिसॉर्टची मेंबरशिप वेगळी, हप्ता चुकला की सिबिलला जातं, आणि खात्यात पैसे नाहीत म्हणून नॅच (खात्यातून आपोआप हप्ता कापायची सोय) बाउन्स झाला तर चेक बाउन्ससारखीच केस होऊ शकते. आधी फायनान्स कंपनीला लेखी वाद कळवा, 30 दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार, फुकट. एएमसीचं मात्र वेगळं आहे, ती कर्ज नाही, त्यामुळे रिकव्हरीवाला "सिबिल खराब करू" म्हणतो तेव्हा घाबरू नका, पण गप्पही बसू नका, रक्कम मान्य नाही असं प्रत्येक वेळी ईमेलवर लिहून ठेवा.

विकायचीच असेल तर करारातलं ट्रान्सफरचं कलम वाचा. थकबाकी चुकती करून, ट्रान्सफर फी भरून, कंपनीच्याच रेकॉर्डला नाव बदलतं. गिऱ्हाईक स्वतः शोधावं लागतं आणि भाव अगदी कमी येतो, त्यामुळे खरेदीपेक्षा जास्त देणारा बायर आला की तिथेच फोन ठेवा.

आणि कोणी मेंबरशिपबरोबर "वापरली नाही तर व्याजासकट परत" असं सांगत असेल तर तो टाइमशेअर नाहीच, ती गुंतवणूक योजना होते आणि सेबीची, म्हणजे शेअर बाजार आणि अशा योजनांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेची, परवानगी लागते. पॅनकार्ड क्लब्जचं आपल्या इथलंच उदाहरण आहे, हॉटेलच्या खोल्यांच्या नावाखाली सुमारे 7 हजार कोटी गोळा केले, सेबीने 2014 ला रोखलं आणि 2016 ला पैसे परत करायचा आदेश दिला, तरी लोक अजून वाट बघतायत. महाराष्ट्रात गावोगावी यात पैसे अडकलेत.

आमची केस आयोगात आहे. नोटीस गेल्यावर कंपनीच्या वकिलांकडून तडजोडीचा विषय निघाला, मेंबरशिप रद्द, थकलेली एएमसी माफ, काही रक्कम परत. काका तयार आहेत, पण आम्ही सांगितलंय की हे फोनवर नाही, आयोगासमोर लेखी नोंदवून, रद्द झाल्याचं पत्र आणि नो ड्यूज (काही थकबाकी नाही असं पत्र) दोन्ही हातात, आणि पैसे कंपनीच्या खात्यातून थेट काकांच्या खात्यात. पुढची तारीख मिळालीय. ज्यांना आमच्या तक्रारीचा मसुदा नमुना म्हणून हवा असेल त्यांनी मेसेज करा, नावं काढून पाठवते.