मोहरीचे वाटाड्या मामा: बोराट्याच्या नाळेनं खाली, सिंगापूरच्या नाळेनं वर

वाटाड्या घ्यावा की नको असं ज्यांचं चाललंय त्यांना आधीच सांगतो, घ्या आणि गावातलाच घ्या. आम्ही डिसेंबरात पाच जण गेलो होतो, वेल्ह्याच्या पुढं मोहरी, तिथून बोराट्याच्या नाळेनं (नाळ म्हणजे घाटावरून कोकणात उतरणारी डोंगरातली चिंचोळी, उभी वाट) रायलिंगचं पठार आणि लिंगाणा किल्ल्याचा सुळका यांच्या मधल्या खिंडीत, मग खाली लिंगाणा माची, पाणे ही गावं करत दापोलीला मुक्काम (ही रायगडाजवळची दापोली, समुद्राकडची नाही), दुसऱ्या दिवशी सिंगापूरच्या नाळेनं (हे सिंगापूर मोहरीजवळचं गाव) परत घाटावर. दोन दिवसांचे 3000 घेतले मामांनी, जेवणाचे वेगळे.

मागच्या वर्षी याच पट्ट्यात एका अ‍ॅपवरचा ट्रॅक बघत उतरायला गेलो आणि भलत्याच घळीत शिरलो, खाली सरळसोट कातळ लागला, अंधार पडत आलेला, परत वर चढताना सगळ्यांचे पाय कापत होते. मोबाईलवर रेघ दिसते हो, पण ती नाळ आहे का घळ हे रेघेवरून कसं कळणार? मामांना हे सांगितलं तर म्हणाले, "नाळ म्हंजी कोकणात उतरवती ती. घळीत नुसतं शिराया येतं." एवढं एक वाक्य आम्हाला वर्षभर आधी कळायला हवं होतं.

आणि असे शब्द त्यांच्याकडे दोन दिवस चालूच होते, शिकवायचं म्हणून नाही, त्याशिवाय त्यांना वाट सांगताच येत नाही. कड्याच्या मध्यावर रानाची पट्टी असते तो पदर. डोंगराची उतरत गेलेली धार म्हणजे दांड. गुरांनी पाडलेली ती ढोरवाट, तिच्या नादी लागायचं नाही कारण ती चाऱ्यापर्यंत जाते आणि संपते. नाळेत एका ठिकाणी त्यांनी आम्हाला थांबवलं, काठीनं माती उकरून दाखवली, वर बारीक खडी आणि खाली गुळगुळीत कातळ, हा घसारा, इथं टाच रोवायची आणि दोघांनी एकाखाली एक उभं राहायचं नाही कारण वरच्याचा दगड खालच्याच्या डोक्यात. नाळ अर्ध्यात सोडून खिंडीकडे आडवं जायचं असतं तिथं एका बाजूला दरी आहे, तिथं मामा प्रत्येकासाठी मागं आले, "डावा पाय त्या बेचक्यात, हात कपारीत घाला, खाली बघू नगा". आमच्यातल्या एकीला उंचीची भीती आहे, तिला तर बोट ठेवून कपार दाखवली. एवढ्या शांतपणे.

आमच्यातला एक रत्नागिरीचा, तो रायलिंगच्या पठाराला सडा म्हणाला तर मामा हसले, त्यांच्याकडे सडा म्हणजे अंगणात शेणाचा घालतात तो. त्याच्याकडे जांभ्याचं उघडं माळरान म्हणजे सडा, कातळशिल्पं सापडतात ना, तीच जागा. मग संध्याकाळी दापोलीत ओसरीवर यावरच गप्पा रंगल्या, घाटावर जो ओढा तो कोकणात उतरला की वहाळ, आणि कोंड म्हणजे नदीतला डोहही आणि वाडीही, त्यामुळे "कोंडावर भेटू" म्हटलं की आधी विचारून घ्यायचं.

खटकलं एवढंच की दुसऱ्या दिवशी निघायला उशीर केला, सिंगापूरच्या नाळेच्या वरच्या टप्प्यात ऊन डोक्यावर आलं आणि वाटेत आम्हाला कुठंच पाणी मिळालं नाही. माणशी तीन लिटर तरी ठेवा. मामा चालतात पण फार भरभर, दोनदा हाक मारून थांबवावं लागलं, तेव्हा मात्र कुरकुर न करता थांबले.

पावसाळ्यात नाळेत उतरायचं त्यांना विचारूच नका, सरळ नाही म्हणतात आणि बरोबर म्हणतात. गावात रेंज धड नाही, त्यामुळे चार दिवस आधी संध्याकाळी फोन लावा, आणि किती जण, त्यात नवखे किती ते खरं सांगा, त्यावरून ते दोराचं ठरवतात.